जव्हार-मोखाड्यातील पोषण-साहाय्य योजना : मूल्यमापनाची चिकित्सा

१

दीर्घकालीन बालकुपोषणाच्या निवारणासाठी शासनाने चालविलेल्या साहाय्य-योजना कितपत फलदायी झाल्या, हा प्रश्न महाराष्ट्रात वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर मात्र बहुधा दोन टोकांपैकी एका टोकाला जाऊन दिले जाते. वार्षिक अहवाल लाभार्थींची संख्या व वाटलेल्या आहाराचे परिमाण देऊन समाधान व्यक्त करतात; आणि एखाद्या पावसाळ्यात बालमृत्यूंची वार्ता प्रसिद्ध झाली की त्याच योजना निरर्थक होत्या असा निर्वाळा दिला जातो. या दोन्ही मतांच्या मुळाशी मोजमापाचा एकच दोष आहे, व तो दूर झाल्याखेरीज योजनांच्या बाजूने किंवा विरुद्ध कोणताही निर्णय देणे सयुक्तिक नाही, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

उदाहरणासाठी जव्हार व मोखाडा हे दोन तालुके घेतले आहेत. पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेले व १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात समाविष्ट झालेले हे सह्याद्रीच्या कुशीतील तालुके मुख्यतः वारली, कोकणा, कातकरी, ठाकर व महादेव कोळी या आदिवासी जमातींचे आहेत. नाचणी, वरई, भात व खुरासणी ही तेथील पिके. पाऊस विपुल, परंतु जमीन उताराची. त्यामुळे दिवाळीनंतर शेतात काम उरत नाही व उन्हाळ्यात पाण्यासाठीही वणवण होते. मुंबईची तहान भागविणारे मध्य वैतरणा धरण ज्या मोखाडा तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते.

या भागातील बालमृत्यूंनी राज्याचे लक्ष दोनदा वेधून घेतले. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील मृत्यूंनी शासन हादरले. आणि २०१६ मध्ये मोखाड्यातील मृत्यूंमुळे मंत्र्यांचे दौरे झाले व राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने राज्य शासनाला नोटीस पाठविली. या दोन घटनांमधील चोवीस वर्षे शासन स्वस्थ बसले नव्हते. १९९५ मध्ये आदिवासी क्षेत्रासाठी नवसंजीवन योजना सुरू झाली. २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने अंगणवाडीचा आहार हा सर्व बालकांचा हक्क ठरला. २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन स्थापन झाले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या बालकाला ५०० उष्मांक व १२ ते १५ ग्रॅम प्रथिने, आणि कुपोषित बालकाला ८०० उष्मांक व २० ते २५ ग्रॅम प्रथिने देण्याचे बंधन शासनावर घातले. २०१५ च्या अखेरीस डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेखाली आदिवासी क्षेत्रातील गर्भवती व स्तनदा मातांना एक वेळचे चौरस जेवण मिळू लागले, व पुढील वर्षी बालकांसाठी आठवड्यातून चार दिवस अंडी अथवा केळी यांची त्यात भर पडली. इतक्या योजनांनंतरही २०१६ का घडले, हा प्रश्न स्वाभाविक आहे. पण या योजनांनी काय साधले हे आपण कशाच्या आधारे जाणतो, हा त्याहून आधीचा प्रश्न आहे.

२

प्रथम संज्ञा स्पष्ट केल्या पाहिजेत. उंचीच्या मानाने वजन कमी असणे याला 'लुकडेपणा', वयाच्या मानाने उंची कमी असणे याला 'बुटकेपणा' व वयाच्या मानाने वजन कमी असणे याला 'कमी वजन' असे म्हणतात. लुकडेपणा हा बहुधा अलीकडच्या उपासमारीचा वा आजाराचा परिणाम असतो. तो काही आठवड्यांत येतो व योग्य उपचाराने काही आठवड्यांत जाऊ शकतो. बुटकेपणा गर्भावस्थेपासून दुसऱ्या वर्षापर्यंत हळूहळू साचत जातो व पुढे सहसा भरून निघत नाही. दीर्घकालीन कुपोषणाचे लक्षण हा दुसरा प्रकार होय. 'कमी वजन' या मापात दोहोंची सरमिसळ असते.

आता जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणांनुसार एक उदाहरण घेऊ. चोवीस महिन्यांच्या मुलाची उंची सुमारे ८१ सेंटिमीटरपेक्षा कमी भरल्यास तो बुटका, व वजन सुमारे ९.७ किलोपेक्षा कमी भरल्यास तो कमी वजनाचा समजला जातो. समजा, एका मुलाची उंची ७९ सेंटिमीटर व वजन १० किलो आहे. वयानुसार त्याचे वजन मर्यादेत आहे. ७९ सेंटिमीटर उंचीला १० किलो वजनही यथायोग्य आहे. त्याच्या दंडाचा घेरही बहुधा पुरेसा भरेल. म्हणजे वजनावर आधारलेल्या प्रत्येक कसोटीवर हे मूल 'सर्वसाधारण' ठरते, आणि तरीही ते दीर्घकाल कुपोषित आहे. अंगणवाडीच्या नोंदवहीत त्याच्या नावापुढे कोणतीही खूण पडत नाही.

वजनकाट्याला हे महत्त्व का आले, हे इतिहासावरून कळते. जव्हारच्या शेजारी डहाणू तालुक्यातील कासा येथे १९७४ मध्ये डॉ. पी. एम. शाह यांच्या नेतृत्वाखाली माता-बालक आरोग्य व पोषण प्रकल्प सुरू झाला. अर्धवेळ कार्यकर्त्या नेमणे, प्रत्येक मुलाच्या वजनाचा तक्ता ठेवणे व तीव्र कुपोषित मुलावर शक्यतो त्याच्या घरीच उपचार करणे ही त्याची पद्धती होती. पुढच्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. मेळघाटातील धारणी हे त्यांपैकी एक होते. अतितीव्र कुपोषणाने मरणाच्या दारात असलेले मूल वेळीच हुडकून काढणे हे त्या काळचे तातडीचे कार्य होते, आणि त्यासाठी वजनकाटा हेच योग्य साधन होते. पुढे योजनांचे उद्दिष्ट विस्तारले. मार्च २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पोषण अभियानाने तर बुटकेपणा दरवर्षी दोन टक्क्यांनी घटविण्याचे लक्ष्य जाहीर केले. अंगणवाडीत उंचीमापकही आले. परंतु तालुक्याच्या आढावा-बैठकीत आजही मुख्यतः तीव्र व मध्यम कुपोषित बालकांच्याच संख्येची विचारणा होते. उद्दिष्ट बदलले, कसोटी मात्र जुनीच राहिली.

३

या विसंगतीचे परिणाम किती दूरगामी असतात, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या आकड्यांवरून दिसते. महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील बालकांमध्ये बुटकेपणाचे प्रमाण २००५-०६ मध्ये ४६.३ टक्के होते. २०१५-१६ मध्ये ते ३४.४ टक्क्यांवर आले व २०१९-२१ मध्ये ३५.२ टक्के भरले. लुकडेपणाचे प्रमाण याच तीन वेळी अनुक्रमे १६.५, २५.६ व २५.६ टक्के होते. कमी वजनाचे प्रमाण ३७.०, ३६.० व ३६.१ टक्के होते.

पहिल्या दशकात बुटकेपणा जवळजवळ बारा अंशांनी घटला. लुकडेपणा नऊ अंशांनी वाढला. आणि कमी वजनाचे माप जागच्या जागी राहिले. यांपैकी एकाच मापाकडे पाहणारा अभ्यासक आपल्या निवडीप्रमाणे यश, अपयश किंवा निश्चलता यांपैकी कोणताही निष्कर्ष काढू शकेल. लुकडेपणा ऋतुमानाने कमीअधिक होतो, आणि सर्वेक्षणांचे महिने सारखे नसतात, हे ध्यानात घेऊनही एक गोष्ट निर्विवाद राहते : दीर्घकालीन कुपोषणात झालेली मोठी घट वजनाच्या मापाला दिसलीच नाही. आणि २०१५-१६ नंतर ती घट थांबली, हेही त्याला दिसले नाही.

या घटीचे श्रेय कोणाचे, याची चर्चा २०१२ मधील राज्यव्यापी पोषण-सर्वेक्षणानंतर झाली. लॉरेन्स हॅडाड व त्यांचे सहकारी यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, दोन वर्षांखालील बालकांतील बुटकेपणा २००५-०६ मधील ३६.५ टक्क्यांवरून २०१२ मध्ये २४ टक्क्यांवर आल्याचे नमूद केले व त्याच्या कारणांचा शोध घेतला. पुढे २०१५-१६ चा ३४.४ हा आकडा प्रसिद्ध झाला. दोहोंची थेट तुलना केल्यास यश ओसरल्याचा भास होतो. पण ती तुलनाच अयोग्य आहे, कारण पहिला आकडा दोन वर्षांखालील व दुसरा पाच वर्षांखालील बालकांचा आहे, आणि बुटकेपणा वयाबरोबर साचतो. एकाच वयोगटाची त्याच्याशीच तुलना केली तर दोन्ही ठिकाणी घट सुमारे बारा अंशांचीच दिसते. म्हणजे घट खरी होती. परंतु याच काळात मातांचे शिक्षण, विवाहाचे वय, प्रसूतिपूर्व तपासणी व कुटुंबाचे उत्पन्न यांतही पालट झाला. त्यामुळे एकट्या मिशनला अथवा कोणत्याही एका योजनेला सर्व श्रेय देणे हे पुराव्याच्या पलीकडे जाणे होईल.

शिवाय हे आकडे महाराष्ट्राचे आहेत, जव्हार-मोखाड्याचे नव्हेत. २०१५-१६ च्या सर्वेक्षणात २०११ च्या जनगणनेतील जिल्हे धरले असल्यामुळे हे तालुके अविभक्त ठाणे जिल्ह्याच्या सरासरीत, म्हणजे ठाणे व कल्याण या शहरांच्या सहवासात, लुप्त झाले. २०१९-२१ मध्ये पालघर स्वतंत्र झाला, तरी त्यात वसई-विरार आहे. २०११ च्या जनगणनेत जव्हार तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ४० हजार व मोखाड्याची सुमारे ८३ हजार होती. जिल्ह्याची सुमारे ३० लाख. हे प्रमाण साडेसात टक्के पडते. सर्वेक्षणात जिल्ह्यागणिक सरासरी नऊशे कुटुंबे होती. लोकसंख्येच्या प्रमाणात वाटणी केली तर या दोन तालुक्यांच्या वाट्याला साठ-सत्तर कुटुंबे येतील. तेवढ्यांवरून तालुक्याचे अनुमान काढता येत नाही. सारांश, ज्या भागासाठी सर्वाधिक योजना आखल्या गेल्या, त्या भागातील बुटकेपणाचे विश्वसनीय प्रमाण ही सर्वेक्षणे सांगू शकत नाहीत.

४

राहता राहिल्या प्रशासकीय नोंदी. त्यांवर आधारलेल्या 'पूर्वी' व 'नंतर' अशा तुलनेत चार दोष संभवतात.

पहिला दोष मापाच्या खंडाचा. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने १९७२ मध्ये केलेले चार श्रेणींचे वर्गीकरण आपल्याकडे दीर्घकाळ रूढ होते. 'तिसऱ्या व चौथ्या श्रेणीतील बालके' हा शब्दप्रयोग जुन्या अहवालांत सर्वत्र आढळतो. २००८ नंतर जागतिक आरोग्य संघटनेची प्रमाणे आली. त्यानंतर उंचीनुसार वजन व दंडाचा घेर यांवरून तीव्र व मध्यम कुपोषित ठरविण्याची पद्धत प्रचारात आली. एकेच मूल एका पद्धतीने गंभीर तर दुसरीने साधारण ठरू शकते. सबब १९९२ पासून आजपर्यंतच्या संख्या एका रेषेत मांडणे म्हणजे शेर व किलो यांची बेरीज करणे होय.

दुसरा दोष ऋतूचा. आषाढ-श्रावणात घरातील नाचणी संपते, पेरणी-लावणीचे कष्ट असतात, हगवण व ताप बळावतात. याच काळात शासनाचे लक्ष तीव्रतेने वळते व ग्राम बालविकास केंद्रे भरतात. आश्विनात नवे धान्य येऊ लागते व मुलांची वजने आपोआपच काहीशी सावरतात. श्रावणातील वजनाशी कार्तिकातील वजनाची तुलना केली तर सुगीने दिलेले वजन योजनेच्या खात्यावर जमा होते. त्यातच, सर्वांत हलकी म्हणून निवडलेली मुले पुढील वजनाच्या वेळी काहीशी सरासरीकडे सरकतात, हा संख्याशास्त्राचा सर्वपरिचित नियम आहे. ग्राम बालविकास केंद्रांनी जीव वाचविले नाहीत असा याचा अर्थ नव्हे. निधीअभावी ती बंद पडली आणि २०१६ च्या मृत्यूंनंतर ती पुन्हा उघडावी लागली, यावरून त्यांची गरज स्पष्ट होते. परंतु तीव्र अवस्थेतून मूल बाहेर काढणे व त्याची खुंटलेली वाढ रोखणे ही दोन भिन्न कार्ये आहेत. पहिल्याच्या आकड्यांवरून दुसऱ्याचे फळ सिद्ध होत नाही.

तिसरा दोष छेदाचा, आणि या भागापुरता तोच सर्वांत गंभीर आहे. पावसाळ्यातच मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे दिवाळीनंतर भिवंडी, वसई, कल्याण या बाजूच्या वीटभट्ट्यांवर जातात व पावसाच्या तोंडावर परततात. आईबरोबर तान्हे मूलही जाते. भट्टीवर त्याला अंगणवाडी बहुधा मिळत नाही, शिधापत्रिका पूर्वी गावच्या दुकानाशीच जोडलेली असे, पाणी व निवारा यांची अवस्था सांगायला नको. गावच्या नोंदवहीत ते 'स्थलांतरित' म्हणून वजा होते. सहा महिन्यांचे मूल कार्तिकात गेले की परत येईतो ते वर्षाचे होते; म्हणजे वरचे अन्न सुरू होऊन उंची खुंटण्याचा जो नेमका काळ, तोच नोंदीबाहेर जातो. उरलेल्या मुलांवरून काढलेली टक्केवारी गावात राहू शकलेल्या, तुलनेने सुस्थित कुटुंबांची असते. जी मुले दगावली तीही छेदातून नाहीशी होतात, आणि म्हणून मृत्यू वाढले असता हयात मुलांतील कुपोषणाचे प्रमाण सुधारल्याचा विपरीत भास होऊ शकतो. बालमृत्यूंच्या नोंदी किती अपुऱ्या असतात, हे डॉ. अभय बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ च्या 'कोवळी पानगळ' या अहवालात दाखवून दिले होते.

चौथा दोष मोजणाऱ्याच्या स्थितीचा. आहार देणारी, वजन करणारी व नोंद लिहिणारी सेविका एकच. आणि कुपोषितांची संख्या वाढली की जाब तिलाच द्यावा लागतो. मानधनावर राबणाऱ्या स्त्रीच्या प्रामाणिकपणाची अशी परीक्षा घेणे अन्यायाचे आहे. जी यंत्रणा खऱ्या आकड्याला शिक्षा करते तिला खरा आकडा मिळणार नाही, हा दोष त्या यंत्रणेचा आहे.

५

यावर असा आक्षेप येईल की, मूल्यमापनाची ही सूक्ष्म चर्चा विद्यापीठात शोभते. उपाशी मुलाला अन्न द्यावे हे सांगण्यास संख्याशास्त्र कशाला हवे? हा आक्षेप सहृदय आहे, पण अपुरा आहे. अन्न द्यावे याविषयी वाद नाहीच. कोणाला, केव्हा, कोणत्या रूपाने दिले असता मुलाची वाढ खुंटणार नाही, हा वादाचा विषय आहे, व त्याचे उत्तर सहृदयतेवरून मिळत नाही. ग्वाटेमालातील चार खेड्यांत १९६९ ते १९७७ या काळात झालेल्या प्रसिद्ध प्रयोगात पौष्टिक पेयाचा उंचीवरील परिणाम पहिल्या तीन वर्षांतच दिसला, त्यानंतर नाही. मेक्सिकोने १९९७ मध्ये सुरू केलेल्या रोख-साहाय्य योजनेत ५०६ खेड्यांपैकी ३२० खेड्यांना आधी व उरलेल्यांना नंतर लाभ देऊन तुलना शक्य केली. त्यात अधिक गरीब कुटुंबांतील अगदी लहान मुलांच्या उंचीत सुमारे एक सेंटिमीटरचा फरक आढळला. उलट झारखंड व ओडिशातील आदिवासी भागात गृहभेटी व स्त्रियांच्या बैठका यांची पद्धतशीर परीक्षा झाली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तान्ह्या मुलांचे मृत्यू व कमी वजनाचे प्रमाण घटले, पण लांबीत फरक पडला नाही. हा निष्कर्ष आपल्याला विशेष बोधप्रद आहे. मृत्यू घटणे हे मोठेच यश होय; तरी ज्याला दीर्घकालीन कुपोषण म्हणतो ते त्याने हटले नाही.

या प्रकाशात आपल्या योजनांकडे पाहिले तर काही प्रश्न उभे राहतात. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीत शिजविलेले अन्न मिळते. वाढ खुंटण्याच्या वयातील, म्हणजे तीन वर्षांखालील, मुलाला घरपोच शिधा मिळतो व तो घरातील सर्व भावंडांत वाटला जातो. याला गळती म्हणणे निर्दयपणाचे होईल. भुकेल्या घराचा तो धर्मच आहे. पण वाटलेले पाकीट म्हणजे त्या मुलाने खाल्लेले अन्न, हे समीकरण चुकते. अमृत आहार योजनेत आरंभी गर्भवतीला शेवटच्या तिमाहीत जेवण ठरले. बुटकेपणाची बीजे त्याआधीच, मातेच्या स्वतःच्या कृशतेत, पडलेली असतात. २०१७ ची प्रधानमंत्री मातृवंदना योजना पहिल्या अपत्यासाठी पाच हजार रुपये देते. २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असल्यास त्यासाठीही साहाय्य मिळू लागले. तिसऱ्या-चौथ्या बाळंतपणाने क्षीण झालेली स्त्री, जिचे मूल धोक्यात असते, तिच्या कक्षेबाहेर राहते. आणि भट्टीवर गेलेल्या गर्भवतीला गावातील ताट व गावचा शिधा दोन्ही अंतरतात. या योजना वाईट आहेत असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. त्या जेथे पोचतात आणि जेथे कुपोषण घडते, ती दोन ठिकाणे कितपत एक आहेत, हे कोणीही पद्धतशीरपणे तपासलेले दिसत नाही. आपली टीका त्यावर आहे.

६

मग मूल्यमापन कसे असावे? त्याचे घटक केंद्राऐवजी मूल हे असावे. एका वर्षी जन्मलेल्या सर्व मुलांची यादी गर्भवतीच्या नोंदणीपासून करावी व दुसऱ्या वाढदिवसापर्यंत त्यांतील एकही नाव वगळू नये. मूल भट्टीवर गेले तर भट्टीवर जाऊन त्याची उंची घ्यावी, दगावले तर तशी नोंद यादीत राहावी. उंची व लांबी दरवर्षी ठराविक महिन्यांतच मोजावी. मोजणारा योजना चालविणाऱ्यांपैकी नसावा. निष्कर्ष तालुकावार प्रसिद्ध व्हावेत. नवी योजना सर्व पाड्यांना एकाच दिवशी देणे अशक्य असते. अशा वेळी क्रम वशिल्याने ठरण्याऐवजी चिठ्ठ्या टाकून ठरविला, तर कोणाचाही हक्क न डावलता तुलना साध्य होते. आणि आहार, धान्य, मजुरी व पिण्याचे पाणी यांचा एकत्र विचार व्हावा. कारण अंड्यातून मिळालेली प्रथिने गढूळ पाण्याच्या हगवणीत वाहून जात असतील, तर अंड्यांच्या हिशेबात तो तोटा कधीच दिसणार नाही.

हे काम शासनाच्या विराट यंत्रणेवरच सोपवावे असे नाही. खोडाळ्यासारख्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीतील एका वर्षाच्या जन्मांचा तीन वर्षे मागोवा घेणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या एका गटाच्या आवाक्यातील संशोधन आहे. समाजशास्त्र, अर्थशास्त्र व गृहविज्ञान या शाखांनी ते मिळून हाती घ्यावे. त्यासाठी मोठ्या सामग्रीची गरज नाही. लांबी मोजण्याची फळी, एक नोंदवही व कार्तिकात पाडा सोडणाऱ्या कुटुंबांबरोबर भट्टीपर्यंत जाण्याची तयारी एवढे पुरे. वावर-वांगणीच्या वर्षी जन्मलेल्या ज्या मुली जगल्या, त्या २०१६ पर्यंत चोवीस वर्षांच्या झाल्या होत्या, व त्यांतील अनेकींची मुले त्या वर्षी अंगणवाडीच्या वयात असतील. त्या मातांची स्वतःची उंची लहानपणी किती खुंटली होती, हे कोणत्याही नोंदवहीत नाही. आज जन्मणाऱ्या मुलांच्या बाबतीत तरी ती जागा कोरी राहू नये.